विकणाऱ्याने खोड सांगावी काय?

नांदेड-लातूर रस्त्यावर, लोहा तालुक्यातील माळेगाव येथे दरवर्षी खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवे, उंट अशा जनावरांच्या बाजारासाठी ती महाराष्ट्राबाहेरही परिचित आहे. उदगीर तालुक्यातील हाळी-हंडरगुळीचा बैलबाजारही तसाच नावाजलेला. देवणी आणि लाल कंधारी या गोवंशाच्या नामांकित जाती याच दोन जिल्ह्यांतल्या. अशा बाजारात वाढलेल्या माणसाला जनावर पारखण्याची विद्या निराळी शिकवावी लागत नाही. तो ओठ वर करून दात पाहतो, दोनदाती की जुळलेला ते सांगतो, खांदा चाचपतो, चालवून बघतो. मग रुमालाखाली बोटांच्या खुणांनी सौदा ठरतो. परंतु दात सर्वांना दिसतात. खोड मात्र धन्यालाच ठाऊक असते. बैल मारका आहे काय, भर तासात बसकण मारतो काय, हे बाजारातल्या अर्ध्या घटकेत कळत नाही. ते धन्याने आपण होऊन सांगावे काय, हा प्रश्न बाजाराइतकाच जुना आहे.

आता या भागात घोड्याची जागा मोटारसायकलीने घेतली आहे. १९८५ साली हीरो होंडाची सीडी १०० आली. तोवरच्या राजदूत, येझदी अशा टू-स्ट्रोक गाड्यांच्या पेट्रोलात मोजून ऑइल मिसळावे लागे. ही गाडी फोर-स्ट्रोक, वजनाने हलकी आणि पेट्रोलच्या बाबतीत काटकसरी निघाली. १९९४ मध्ये तिची धाकटी बहीण स्प्लेंडर आली आणि शंभर सीसीची मोटारसायकल शेतकऱ्याच्या अंगणात उभी राहिली. अशा गाडीचे आयुष्य एका मालकाकडे संपत नाही. नोंदणीच मुळी पंधरा वर्षांची असते आणि पुढे तिचे नूतनीकरणही होते. एमएच २४ आणि एमएच २६ या लातूर-नांदेडच्या क्रमांकांच्या कितीतरी गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या हातात आहेत. आम्ही गावोगावी जातो तेव्हा पाहतो की, पहिली गाडी घेणारा तरुण पुष्कळदा अशीच जुनी गाडी घेतो आणि तिच्यावरच चालवायला शिकतो. जुनी गाडी घेण्यात कमीपणा काहीच नाही. ऐपत पाहून पाऊल टाकणे हे शहाणपणच आहे. प्रश्न आहे तो अशा तरुणाला गाडी विकणाऱ्याच्या कर्तव्याचा.

शिकाऊ परवाना मिळाल्यावर किमान तीस दिवसांनी पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. या दिवसांत शिकणाऱ्याला एकच गोष्ट निश्चित ठाऊक असते, ती म्हणजे आपल्याला अजून येत नाही. डाव्या हाताने क्लच अलगद सोडायचा, उजव्या हाताने तितकाच ॲक्सिलरेटर द्यायचा. जराशी घाई झाली की इंजिन बंद पडते. त्याने स्वतःला दोष द्यावा हे स्वाभाविक आहे. परंतु क्लच-प्लेटा झिजलेल्या असल्या, तर इंजिन नुसतेच ओरडते, गाडी पुढे ओढत नाही. केबल अडकत असली, तर हात कितीही हलका असो, गाडी हिसका देतेच. ब्रेकचे लायनर संपले असले, तर ती थांबायला हवी तिथे थांबत नाही. मुरलेला चालक हे दोन मिनिटांत ओळखतो. शिकणारा मात्र म्हणतो, ‘मलाच जमत नाही.’ यंत्राची खोड तो आपल्या माथी घेतो. म्हणून त्याच्यापासून दोष लपविणारा माणूस त्याचे केवळ पैसे घेत नाही. स्वतःची चूक आणि यंत्राचा दोष यांतला भेद ओळखण्याचे त्याचे साधनच हिरावून घेतो. ब्रेकच्या बाबतीत तर तो त्याच्या प्राणांशी खेळतो.

कायदा येथे काय म्हणतो, हे पाहण्याजोगे आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या सतराव्या कलमाखाली फसवणुकीची उदाहरणे दिली आहेत, आणि त्यांत घोडाच आहे. घोडा सदोष आहे हे ठाऊक असूनही लिलावात विकताना मालक गप्प राहिला, तर ती फसवणूक होत नाही. मात्र घेणारी त्याची स्वतःची, नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर त्या नात्यामुळे दोष सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरते. आणि घेणारा जर म्हणाला, ‘तुम्ही नाही म्हटले नाही, तर मी घोडा निर्दोष समजेन,’ तर त्यानंतरचे मौन हे बोलण्यासारखेच मानले जाते.

कायद्याने रेषा नात्यावर ओढली. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी याच प्रश्नाचा विचार करताना ती धोक्यावर आणि दृश्य-अदृश्यावर ओढली होती. घोडा एका डोळ्याने आंधळा असेल, तर ते कोणालाही दिसते. विकणाऱ्याने त्या मानाने किंमत कमी केली की पुरे. परंतु जो दोष दिसत नाही आणि ज्याने घेणाऱ्याचे नुकसान होईल किंवा त्याला इजा होईल, तो सांगितलाच पाहिजे. त्यासाठी बाजारभर दवंडी पिटण्याचे कारण नाही. जो घ्यायला पुढे येईल त्याला सांगावे. एवढेच नव्हे, विकताना दोष ठाऊक नव्हता पण मागाहून कळला, तर पाप लागले नाही तरी भरपाई करावी, असेही त्यांचे मत आहे.

या दोन विचारांना एकत्र आणले की आमच्या मते उत्तर मिळते. दोष दिसणे हे दोषावर जितके अवलंबून आहे तितकेच पाहणाऱ्या डोळ्यांवरही आहे. टाकीवरचा पोचा सर्वांना दिसतो. सायलेन्सरमधून निघणारा निळसर धूर मिस्त्रीला दिसतो, कारण इंजिन ऑइल जाळते आहे हे त्याला कळते. नवख्याला तो नुसता धूर असतो. तेव्हा घेणारा जितका अजाण, तितके विकणाऱ्याचे कर्तव्य मोठे. कायद्यातली ती मुलगी नुकतीच सज्ञान झाली आहे, आणि गिअरच्या मोटारसायकलीचा परवानाही अठराव्या वर्षीच मिळतो. समोर उभा असलेला तरुण परक्याचा असला तरी त्याचे अजाणपण त्या मुलीचेच आहे.

यावर कोणी म्हणेल, ‘विकणाराही गरीबच असतो, खरे बोलून त्याने तोटा का सोसावा?’ हा आक्षेप हलका नाही. परंतु तोटा सत्याने होत नाही. तो झिजेने आधीच झालेला असतो. मौनाने तो नाहीसा होत नाही, फक्त दुसऱ्याच्या घरी पोहोचतो. ग्राहक येण्याआधी इंजिन तापवून ठेवणे, आवाज दबावा म्हणून जाड ऑइल ओतणे, किलोमीटरचा काटा मागे फिरविणे, हे तर मौनही नव्हे. ते कृतीने बोललेले असत्य होय.

घेणाऱ्याचीही बाजू आहे. त्याने विचारले पाहिजे, आणि जाणत्या मिस्त्रीला सोबत न्यायला लाजू नये. विकणाऱ्याने प्रामाणिकपणे दोष सांगितला, तर त्याचा गैरफायदा घेऊन वाजवीहून कमी किंमत मागू नये. प्रामाणिक माणसाला असा दंड झाला, तर पुढच्या वेळी तो गप्प राहील, आणि त्या मौनाचे वाटेकरी आपणही असू.

शेवटी नावाची गोष्ट. पैसे मोजले, किल्ली दिली, पण आरसीवर नाव जुनेच राहिले, असे सर्रास घडते. मोटार वाहन कायद्याच्या पन्नासाव्या कलमाप्रमाणे राज्यातल्या राज्यात वाहन विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत हस्तांतर कळवायचे असते. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात स्पष्ट केले की, मोटार अनेक हातांतून गेली असली तरी अपघाताच्या वेळी नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच भरपाईसाठी मालक धरला जाईल. त्यामुळे नाव बदलून न घेणारा दुसऱ्याच्या खांद्यावर आपले ओझे ठेवतो. विकणाऱ्याने खोड लपवू नये, तसे घेणाऱ्याने स्वतःचे नाव लपवू नये.

आज शिकणारा तरुण चार-सहा वर्षांनी हीच गाडी विकायला काढील. तोवर तिची किक केव्हा दगा देते, उतारावर ती किती धावते, पावसात कोणता ब्रेक कमी धरतो, हे त्याच्याएवढे कोणालाच ठाऊक नसेल. हे ज्ञान त्याने कष्टाने मिळविलेले असते. पुढच्या अजाण मुलाच्या हाती किल्ली देताना ते ज्ञानही देऊन टाकावे. ते त्या सौद्याचाच भाग आहे.