थिजलेलं तेल

मार्गशीर्ष लागला की वाघेऱ्याच्या पलीकडे, हरसूलच्या पाड्यांवर रात्री शेकोट्या पेटतात. दुपारी ऊन चांगलं लागतं, पण दिवस कलला की गारठा कुडाच्या फटींतून थेट अंथरुणात येतो. पोरांची नाकं गळायला लागतात. मध्यरात्री कुणाच्या तरी छातीतली घरघर शेजारच्या घरात ऐकू जाते.

याच दिवसांत मोहाचं तेल थिजतं. बाटलीत भरलेलं असेल तर ती उलटी केली तरी थेंब पडत नाही, म्हणून जाणत्या बाया ते रुंद तोंडाच्या डब्यात ठेवतात. बोटानं खरवडलं की तुपासारखा फिकट पिवळा गोळा निघतो आणि छातीवर टेकवला की अंगाच्या उबेनं पाघळतो. घरच्या घरी बाम करायचा तर शहरात लोक आधी मधमाश्यांचं मेण शोधतात, कारण नुसतं तिळाचं तेल चोळलं तर ओघळून जातं. मोहाला मेण लागत नाही. थंडीत घट्ट राहावं आणि कातडीवर विरघळावं, एवढंच तर मलमाकडून हवं असतं, आणि ते या बीमध्ये आधीपासून आहे. पावसाच्या तोंडावर बिया गोळा करायच्या, फोडून वाळवायच्या, घाण्यावर न्यायच्या. डबाभर तेलामागे एवढे कष्ट आहेत, म्हणून ते जपून वापरलं जातं.

करायची रीत अगदी सोपी आहे. वाटीभर तेल मंद आचेवर पातळ करावं. त्यात दोन चमचे ओवा आणि ठेचलेल्या चार लसणाच्या पाकळ्या घालाव्यात. लसूण तांबूस झाला की उतरवावं. करपू दिला तर सगळ्या तेलाला जळका वास येतो. फडक्यातून गाळावं आणि बोट सोसवेल इतकं निवल्यावर मोठ्यांसाठी चिमूटभर कापूर चुरून विरघळवावा. चुलीवर असताना कापूर कधीच घालू नये, त्याची वाफ पेट घेते. शिवाय आरतीच्या वड्या औषधासाठी केलेल्या नसतात, तेव्हा कापूर औषधाच्या दुकानातूनच घ्यावा. दोन वर्षांच्या आतल्या लेकराला कापूर आणि निलगिरीचं तेल दोन्ही वर्ज्य. कापूर पोटात गेला तर लहान मुलाला झटके येतात. तान्ह्यासाठी कोमट केलेलं नुसतं तेल घ्यावं. नाकपुडीत मात्र कुणाच्याच तेलाचं बोट घालू नये.

बाजारातल्या बामच्या डब्यांनाही आता मोठा इतिहास आहे. काशीनाथुनी नागेश्वर राव यांनी मुंबईत अमृतांजन काढलं ते १८९३ साली. त्या डब्या गावोगाव पोचल्या आणि घरचं तेल मागच्या फळीवर गेलं. मला त्या डब्यांबद्दल राग नाही. पण डबी असो की घरचं तेल, दोघांबद्दल एक गोष्ट सरळ सांगायला हवी: चोळल्यानं सर्दी बरी होत नाही. डबीतल्या, पुदिन्याच्या मेंथॉलनं नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, कारण थंडावा ओळखणाऱ्या नसा त्यानं जाग्या होतात. नाकातली सूज तशीच असते. सर्दी तिच्या दिवसांनी जाते. तोवर पोराला झोप लागावी, इतकाच या तेलाचा उपयोग.

तो उपयोग मला थोडा वाटत नाही, आणि त्याला आणखी एक जोड आहे. दिव्याच्या उजेडात आई पोराचा सदरा वर करते, तळवे एकमेकांवर घासून ऊब आणते आणि बरगड्यांवरून हात फिरवते. तेवढा वेळ तिच्या हाताखाली त्याचा श्वास असतो. दिवसभर रानात, मजुरीवर गेलेल्या बाईला लेकराची उघडी छाती निवांत बघायला दुसरी वेळ मिळते कुठे? घरच्या तेलाचा मोठा गुण मला हाच वाटतो, की ते चोळायला बसावं लागतं.

बसलाच आहात, तर श्वास मोजा. पोर शांत किंवा झोपलेलं असताना, पोट वरखाली होताना बघत, पुरतं एक मिनिट. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त, वर्षाच्या आतल्याचे ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त श्वास भरले तर तो न्यूमोनिया असू शकतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गावातल्या दायांनाही ही मोजणी शिकवली. फार शिकलेल्या नसलेल्या बायांसाठी मिनिटभराचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांची पाटी केली. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. मोजणीत सापडलेल्या मुलांना गावातच प्रतिजैविक दिलं आणि न्यूमोनियानं जाणारी मुलं वाचली. त्या कामाचा अहवाल १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला.

म्हणून तेल जरूर करा, डबा चुलीजवळच्या फळीवर हाताशी ठेवा. पण श्वास या आकड्यांना पोचले, श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल किंवा बाळ अंगावर पीत नसेल, तर तेलाचा डबा झाका. सकाळची, गाडीची, शेजाऱ्याच्या सल्ल्याची वाट बघू नका, आणि आजार जावा म्हणून पोटावर चटके तर कुणालाही देऊ देऊ नका. रात्रीचे दोन वाजले असले तरी १०८ ला फोन लावा आणि हरसूलचं ग्रामीण रुग्णालय गाठा.