जांभळाचा मध

महाबळेश्वरच्या डोंगरात आबांच्या सातेरी माश्यांच्या पेट्या होत्या. वैशाखात जांभळाचा मध निघाला आणि त्याच महिन्यात नात झाली. बारशाच्या सकाळी आबांनी सोन्याची अंगठी मधात बुडवली, तशी सून म्हणाली, "आबा, चाटवू नका. वर्षाची होईपर्यंत मध नको."

आबांना ते झोंबलं. "माझ्या मधात कुणी साखरेचा थेंब दाखवावा!"

बारशाला आलेल्या आशाताई पुढे झाल्या. "आबा, भेसळीचं नाही हो. मातीत एक जंतू असतो, त्याचं बी धुळीसंगं कुठंही जातं, मधातसुद्धा. आपल्या पोटात ते रुजत नाही. तान्ह्याच्या कोवळ्या आतड्यात रुजतं आणि तिथंच विष करतं."

"मग उकळून घेतो."

"घरच्या उकळीनं ते बी मरत नाही. आणि आजी, बाळगुटीही मधात उगाळू नका."

"आम्ही सहा पोरं मध चाटवूनच वाढवली," आजी म्हणाली.

"खरंय. बहुतेकांना काही होत नाही. पण ज्याला होतं, त्याची आधी शी अडते. मग अंगावर ओढायचं बळ जातं, रडणं बारीक होतं, पापण्या उचलत नाहीत, मान लुळी पडते. पुढं श्वासही अडतो. वेळेत मोठ्या दवाखान्यात नेलं तर लेकरू वाचतं, पण कित्येक आठवडे झुंजावं लागतं."

तान्ह्यांचा हा बोट्युलिझम डॉक्टरांनी ओळखला तोच मुळी 1976 साली, तिकडे कॅलिफोर्नियात. त्याआधी गेलेली लेकरं कुणाकुणाच्या नजरेच्या खाती जमा झाली असतील!

आबा बराच वेळ अंगठीवरून ओघळणारा मध बघत राहिले.

"सात," ते म्हणाले. "सात झाली होती आपल्याला."

आजीनं मान वर केली नाही. तिसऱ्या महिन्यात पोर अशीच गळाठली होती. मीठमोहऱ्या उतरवल्या, अंगारा लावला. ते मधानं झालं की आणखी कशानं, हे आता कोण सांगणार? आशाताईंनीही तसं काही म्हटलं नाही.

आजी उठली. अंगठी धुऊन, पदराला पुसून तिनं सुनेच्या हातात दिली. आबांनी बाटलीला बूच लावलं आणि ती फडताळात वरच्या फळीवर सारली.

"पुढच्या जांभळाला वर्षाची होईल," ते सुनेला म्हणाले. "तेव्हा ताजाच काढू."