दातांमधील फट, उपचार आणि अल्लाहची निर्मिती



आपल्या घरांतून आजकाल वारंवार विचारला जाणारा एक प्रश्न आहे. मुलाच्या किंवा मुलीच्या पुढच्या दोन दातांमध्ये फट आहे. तारा बसवून ती बुजवता येईल, असे दंतवैद्य सांगतात. मग हा उपचार जायज आहे, की अल्लाहच्या निर्मितीत केलेली ढवळाढवळ आहे? काही घरांत वडील हदीसचा अर्धाच भाग ऐकून उपचाराला ठाम नकार देतात आणि मुलाला चावताना-बोलताना होणारा त्रास तसाच राहतो. काही घरांत नेमके उलटे घडते. मुलीला पाहायला आलेल्या पाहुण्यांपैकी कोणीतरी तिच्या दातांवर एक वाक्य टाकून जाते. त्या दिवसापासून ती तोंडावर हात धरून हसू लागते आणि आईवडील कर्ज काढून दवाखान्याची वाट धरतात. एका घरात दीनच्या नावाने गरजवंताला अडवले गेले, दुसऱ्या घरात लोकांच्या जिभेपुढे दीनची शिकवण विसरली गेली. म्हणून हा विषय मुळापासून समजून घेणे आवश्यक आहे.

सहीह बुखारी व सहीह मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आदरणीय अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांचे कथन आले आहे. गोंदणाऱ्या व गोंदवून घेणाऱ्या, भुवयांचे केस उपटून घेणाऱ्या आणि सौंदर्याकरिता दातांत फटी पाडून घेणाऱ्या, अशा रीतीने अल्लाहची निर्मिती बदलणाऱ्या स्त्रियांचा त्यांनी धिक्कार केला. ही गोष्ट बनू असद कबिल्यातील उम्मे याकूब या महिलेच्या कानी गेली. त्या कुरआनचे पठण करणाऱ्या होत्या. त्यांनी येऊन विचारले की, मी संपूर्ण कुरआन वाचला, मला तर त्यात हे कोठे आढळले नाही. त्यावर आदरणीय इब्ने मसऊद (रजि.) यांनी सूरह अल्-हश्रमधील त्या आदेशाकडे लक्ष वेधले, ज्यात प्रेषित जे देतील ते स्वीकारावे आणि ज्यापासून रोखतील त्यापासून दूर राहावे, असे सांगितले आहे. उम्मे याकूब तेवढ्यावर थांबल्या नाहीत. आपल्याच घरात हे चालत असेल, असा संशय त्यांनी बोलून दाखवला. इब्ने मसऊद (रजि.) रागावले नाहीत, घरात जाऊन पाहा, असे म्हणाले. त्या गेल्या, पाहिले, आणि तसे काहीच आढळले नाही. जो आदेश दुसऱ्याला सांगायचा तो आधी आपल्या उंबरठ्याच्या आत पाळायचा, ही त्या पिढीची रीत होती.

आता या हदीसमध्ये दातांविषयी जे म्हटले आहे, त्याचे नेमके स्वरूप काय, ते पाहू. त्या काळातील अरबांमध्ये पुढच्या दातांत थोडी फट असणे हे तारुण्याचे आणि सौंदर्याचे लक्षण मानले जाई. वय वाढू लागले की काही स्त्रिया कानशीने आपले निरोगी दात घासून घेत, त्यांच्यात मुद्दाम फट पाडत आणि आपण अजून तरुण आहोत, असे भासवत. इमाम नववी (रह.) यांनी सहीह मुस्लिमच्या विवरणात ही प्रथा समजावून सांगितली आहे. हदीसमधील ‘सौंदर्याकरिता’ या शब्दाकडे निर्देश करून ते लिहितात की, मनाई आहे ती केवळ सौंदर्यासाठी केलेल्या कृतीला; उपचार म्हणून किंवा दातातील दोषामुळे तसे करण्याची गरज पडली, तर त्यात हरकत नाही.

येथे घाईने निष्कर्ष काढू नये. हदीसमध्ये फट पाडण्याचा उल्लेख आहे आणि आपण तर फट बुजवतो, म्हणून विषय संपला, असे म्हणणे वरवरचे ठरेल. मनाईचे मूळ फटीत नाही. निरोगी अवयव केवळ मिरवण्यासाठी बदलणे, वय लपवून लोकांना फसवणे आणि अल्लाहने जे दिले त्याविषयी असमाधान बाळगणे, हे तिचे मूळ आहे. पवित्र कुरआनमध्ये सूरह अन्-निसाच्या 119व्या आयतीत शैतानाची ती प्रतिज्ञा नमूद आहे, ज्यात तो माणसांना अल्लाहची रचना बदलण्यास प्रवृत्त करीन, असे म्हणतो. जेथे हा हेतू असेल तेथे हत्यार कानस असो वा तार, कृतीचा आत्मा एकच राहतो. जेथे हा हेतू नाही आणि खरी गरज आहे, तेथे निर्मिती बदलली जात नाही, तर बिघडलेले पूर्ववत केले जाते.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण आदरणीय अरफजा बिन असअद (रजि.) यांचे आहे. अज्ञानकाळातील कुलाबच्या लढाईत त्यांचे नाक कापले गेले होते. त्यांनी चांदीचे नाक बसवले, परंतु त्याला दुर्गंधी येऊ लागली. तेव्हा स्वतः प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना सोन्याचे नाक बसवण्यास सांगितले. सुनन अबू दाऊद आणि जामे तिर्मिजी यांत ही हदीस आहे. पुरुषांसाठी सोने निषिद्ध असतानाही गरजेपोटी ही मुभा दिली गेली. याच हदीसवरून फुकहांनी हलणारे दात धातूच्या तारेने बांधण्याची चर्चा केली. इमाम अबू हनीफा (रह.) यांनी चांदीच्या तारेला अनुमती दिली, तर इमाम मुहम्मद (रह.) यांनी सोन्याच्या तारेलाही. दातांना तार बांधणे ही आजची नवलाई नव्हे. आपल्या फिकहच्या ग्रंथांत तो शतकानुशतके जुना विषय आहे.

आधुनिक काळातही विद्वानांनी यावर सामूहिक विचार केला. जेद्दास्थित आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीच्या 2007 साली मलेशियातील पुत्रजाया येथे भरलेल्या 18व्या अधिवेशनात सौंदर्यशस्त्रक्रियेविषयी ठराव झाला. दुभंगलेला ओठ, नाकाचा तीव्र वाकडेपणा, जादा बोटे किंवा जादा दात असे जन्मजात दोष शारीरिक अथवा मानसिक त्रासाला कारण होत असतील, तर ते दूर करण्यास त्यात अनुमती दिली आहे. मानसिक त्रासाचाही विचार येथे झाला आहे, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्याचबरोबर केवळ हौसेपायी, इतरांसारखे दिसण्याच्या नादाने केलेल्या बदलांना विद्वानांनी मान्यता दिलेली नाही.

मग आपल्या मुलाची फट दोष आहे की नाही, हे कसे ठरवायचे? येथे वैद्यकीय ज्ञानाचा आधार घ्यावाच लागतो. दुधाचे दात पडून कायमचे दात येऊ लागतात, तेव्हा साधारण सातव्या ते अकराव्या वर्षांदरम्यान वरच्या पुढच्या दातांत फट दिसणे ही अनेकदा नैसर्गिक अवस्था असते. अकरा-बारा वर्षांच्या सुमारास सुळे खाली उतरले की बऱ्याच मुलांची फट आपोआप मिटते. अशा वेळी आईवडिलांनी धीर धरावा. काही मुलांत वरचा ओठ हिरडीशी जोडणारा पडदा जाड असतो व दातांच्या मधोमध उतरलेला असतो. काहींचे शेजारचे दात लहान असतात किंवा आलेलेच नसतात. काहींना अंगठा चोखण्याची किंवा गिळताना जिभेने दात पुढे ढकलण्याची सवय असते. मोठ्या वयात नव्याने फट पडू लागली, तर ती हिरड्यांच्या आजाराची खूण असू शकते आणि तेथे आधी हिरड्यांचा उपचार करावा लागतो. म्हणजे एकच दिसणारी फट कोठे केवळ वाढीचा टप्पा असते, कोठे आजाराचे लक्षण, तर कोठे निव्वळ चेहऱ्याची ठेवण.

तारांचा उपचारही समजून घ्यावा. दातांवर छोटे ब्रॅकेट चिकटवून त्यांतून तार ओवतात. तिच्या हलक्या पण सततच्या दाबाने दात ज्या दिशेला सरकतो, तेथील हाड विरघळत जाते आणि मागे नवे हाड भरून येते. या कामाला बहुधा एक ते दोन वर्षे लागतात. त्यानंतर दात पुन्हा मूळ जागी जाऊ नयेत म्हणून रिटेनर वापरावा लागतो. पुढच्या दातांमधील फट तर पुन्हा उघडण्याची शक्यता अधिक असते. जिवंत हाडात ही झीज आणि भर एकाच वेळी घडवून आणणारी व्यवस्था कोणी निर्माण केली? दंतवैद्य केवळ दाब देतो. हाड भरून आणणारा तो अल्लाहच आहे. उपचार करा, कारण अल्लाहने प्रत्येक आजाराबरोबर त्याचा उपायही उतरवला आहे, या आशयाची प्रेषितांची (स.) शिकवण हदीससंग्रहांत आहे. त्या शिकवणीचा अर्थ अशा वेळी अधिक उमगतो.

बंधू-भगिनींनो, आता या विषयाच्या त्या बाजूकडे वळू या, जी फतव्याच्या प्रश्नात सहसा विचारली जात नाही. फट असणे हा मुळात कमीपणा आहे, हे ठरवले कोणी? इमाम तिर्मिजी (रह.) यांच्या ‘शमाइल’ या ग्रंथात आदरणीय अब्दुल्लाह बिन अब्बास (रजि.) यांचे कथन आहे. त्यानुसार खुद्द प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या पुढच्या दोन दातांमध्ये किंचित फट होती आणि ते बोलत तेव्हा त्यातून जणू प्रकाश बाहेर पडताना दिसे. ज्या मुखातून आपल्यापर्यंत कुरआन पोहोचला, त्या मुखाचे हे वर्णन आपण प्रेमाने वाचतो; आणि तीच ठेवण आपल्या मुलीच्या मुखात दिसली की तिला व्यंग म्हणतो!

सौंदर्याचे माप तर काळाप्रमाणे आणि देशाप्रमाणे फिरत राहते. चौदाशे वर्षांपूर्वी अरबस्तानात स्त्रिया फट पाडून घेत होत्या. नायजेरियात आजही अशी फट सुंदर मानली जाते. आपल्याकडे कोणी तिला भाग्याची खूण समजतो, कोणी अपशकुन. आणि इस्लाममध्ये शकुन-अपशकुनाला मुळीच स्थान नाही. अशा सतत बदलणाऱ्या मापाने माणसाची किंमत ठरवायची काय?

ज्यांनी आपल्यापर्यंत ही हदीस पोहोचवली, त्या आदरणीय इब्ने मसऊद (रजि.) यांच्याच जीवनातील एक प्रसंग पाहा. ते शरीराने सडपातळ होते. एकदा वाऱ्याने वस्त्र उडाले आणि त्यांच्या बारीक पिंढऱ्या पाहून लोक हसले. तेव्हा प्रेषितांनी (स.) सांगितले की, अंतिम न्यायाच्या तराजूत त्या पिंढऱ्या उहुद पर्वताहूनही अधिक वजनदार ठरतील. मुसनद अहमदमध्ये ही हदीस आहे. ज्यांच्या शरीरावर लोक हसले, त्यांनीच पुढे उम्मतला शिकवले की, लोकांच्या नजरेसाठी आपले शरीर बदलू नका. सूरह अल्-हुजुरातच्या 11व्या आयतीत पुरुषांना आणि स्त्रियांना स्वतंत्रपणे संबोधून एकमेकांची टर उडवण्यास मनाई केली आहे. ज्यांना आपण हसतो ते कदाचित आपल्यापेक्षा श्रेष्ठ असतील.

म्हणून, मुलगी पाहायला जाणाऱ्या मातांनो आणि भगिनींनो, त्या घरात पाऊल टाकताना ही आयत सोबत घेऊन जा. स्थळ पसंत नसेल तर सौजन्याने नकार द्या. तो तुमचा अधिकार आहे. परंतु तिच्या दातांवर, रंगावर, उंचीवर टाकलेले वाक्य हा तुमचा अधिकार नाही. फट तारेने बुजेल. त्या वाक्याने पडलेली भेग कोणत्या दवाखान्यात बुजवणार?

आणि मुलीच्या आईवडिलांनो, दंतवैद्याकडे जाण्यापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारा. या फटीमुळे चावणे, उच्चार किंवा हिरड्यांचे आरोग्य यांत अडचण आहे काय? मुलाच्या मनावर तिचा खरोखर ओझे वाटावे इतका परिणाम झाला आहे काय? आणि हा खर्च घरातील इतरांचे हक्क न बुडवता, व्याजाच्या कर्जात न अडकता झेपणारा आहे काय? पहिल्या दोहोंपैकी एकाचे उत्तर ‘होय’ असेल आणि तिसऱ्याचेही ‘होय’ असेल, तर निःशंक मनाने उपचार करा. केवळ पाहुण्यांच्या शेऱ्यापोटी जात असाल, तर थोडे थांबा. आधी मुलीजवळ बसा आणि तिच्यात काही कमी नाही, हे तिला तुमच्या तोंडून ऐकू द्या. शंका असेल तर विश्वासू आलिमचा आणि जाणकार दंतवैद्याचा, दोघांचाही सल्ला घ्या.

तारा बसवल्यानंतरच्या इबादतीविषयीही थोडे सांगणे आवश्यक आहे. चिकटवलेले ब्रॅकेट इजा न करता काढता येत नाहीत, त्यामुळे वुजू व गुस्लमध्ये त्यांची अडचण येत नाही. काढता येणारी प्लेट किंवा साचा मात्र गुस्लच्या वेळी काढून कुल्ली करावी, कारण हनफी मतानुसार गुस्लमध्ये कुल्ली फर्ज आहे. शाफई मतानुसार चालणाऱ्या आपल्या कोकणी बांधवांसाठी ती सुन्नत आहे. रमजानमध्ये सहरीनंतर तारांत अडकलेले अन्नकण नीट काढावेत. तार आवळल्यावर काही दिवस दात दुखतात, म्हणून शक्य असल्यास ती भेट रमजानपूर्वी किंवा इफ्तारनंतर ठेवावी. ब्रॅकेटभोवती कीड लवकर लागते. ज्या प्रेषितांनी (स.) उम्मतवर भार पडण्याची चिंता नसती तर प्रत्येक नमाजसाठी मिस्वाकचा आदेश दिला असता, त्यांचे अनुयायी दातांच्या स्वच्छतेत मागे राहू नयेत.

अल्लाह आपल्या रूपाकडे आणि संपत्तीकडे पाहत नाही; तो आपली अंतःकरणे आणि कर्मे पाहतो, असे प्रेषितांनी (स.) आपल्याला शिकवले आहे. हे अल्लाह, आमच्या लेकरांना आरोग्य दे, त्यांचे हसू निर्भय कर, आमच्या जिभांना कोणाचे मन दुखवण्यापासून वाचव आणि तू जे दिलेस त्यावर समाधानी राहण्याची आम्हाला सद्बुद्धी दे. आमीन.