दहावी जागा

श्रोते ओळखून बोलावं, हा वक्तृत्वस्पर्धेच्या तयारीतला पहिला धडा. शेतीमालाच्या भावावर किंवा सोसायटीच्या वार्षिक सभेत बोलायचं असेल तर त्यात वाद घालण्यासारखं काही नाही. पण विषय देव, मोक्ष, मरणानंतरचं असा असला की हाच धडा टोचायला लागतो. समोरच्याला पटेल तसंच सांगायचं ठरवलं, तर सांगितलं त्यात सत्य किती आणि समोरच्याची मर्जी किती? या प्रश्नाचा एक दाखला माझगावात दगडात उभा आहे. हसनाबादच्या पांढऱ्या घुमटाखाली इस्माइलींचे इमाम, पहिले आगाखान, हसन अली शाह यांची कबर आहे. ते १८८१ मध्ये वारले. त्याच्या पंधरा वर्षं आधी, १८६६ मध्ये, मुंबईच्या हायकोर्टात त्यांच्यावर खटला चालला होता. खोजा जमातीतल्या सुधारक गटाचं म्हणणं होतं की खोजे मूळचे सुन्नी, तेव्हा आगाखानांचा जमातीवर आणि तिच्या मालमत्तेवर काही हक्क नाही. आगाखानांची बाजू सांगत होती की खोजे शिया इमामी इस्माइली. जमातीला मुळात काय सांगितलं गेलं होतं, हे कोर्टाला शोधावं लागलं, आणि पुराव्यात पुढे आला एक ग्रंथ, ‘दशावतार’.

नाव वाचूनच मराठी वाचक थबकेल. हा ग्रंथ परंपरेने पीर सद्रुद्दीन यांचा मानला जातो. त्यांचे श्रोते सिंध, कच्छ, काठियावाडकडचे, बहुतेक लोहाणा जातीचे हिंदू. मत्स्य, कूर्म, वराह ही यादी त्यांना पाठ होती, आणि त्या यादीत दहावी जागा अजून भरायची होती. कल्की यायचा होता. पिरांनी नऊ अवतार जिथल्या तिथे ठेवले आणि दहावा आला आहे, तो म्हणजे शियांचे पहिले इमाम अली, असं सांगितलं. श्रोत्याच्याच घरातली रिकामी खुर्ची शोधून पाहुण्याला तिच्यावर बसवायचं, यापेक्षा नेमकं श्रोतृज्ञान मला माहीत नाही. खोजा हा शब्दसुद्धा ‘ख्वाजा’वरून आलेला, लोहाण्यांच्या ‘ठक्कर’ या मानाच्या उपाधीचा जणू फारसी प्रतिशब्द. जमातखान्यात, म्हणजे जमातीच्या प्रार्थनागृहात, हा ग्रंथ वाचला जाई, मरणाऱ्या माणसाच्या उशाशीही वाचला जाई. न्यायमूर्ती सर जोसेफ आर्नूल्ड यांनी तो महत्त्वाचा पुरावा मानला आणि निकाल आगाखानांच्या बाजूने दिला.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: हे गळाला लावलेलं आमिष आहे. गोव्यात राशोलला १६१६ मध्ये छापल्या गेलेल्या फादर स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’वरही हाच आरोप होऊ शकतो. ओवी आपली, पुराण हे नाव आपलं, स्वर्गाला वैकुंठ म्हणणंही आपलं, आत कथा बायबलची. पण या आक्षेपात श्रोत्याला मासा समजलं जातं, आणि इतिहासात श्रोता मासा दिसत नाही. १८४७ मध्ये सर अर्स्किन पेरी यांच्यापुढे खोजांच्या वारसाहक्काचा दावा आला, तेव्हा मुलींना कुराणातल्या नियमाप्रमाणे वाटा न देण्याची रूढी जमातीत चालत आल्याचं दिसलं आणि कोर्टाने तीच ग्राह्य धरली. म्हणजे दहावा अवतार घेतला, वाटणीचा कायदा घेतला नाही. (मुलींच्या वाट्याला काय आलं, हा वेगळा आणि कडू विषय.) ‘आशय तोच, फक्त सांगण्याची रीत वेगळी’ असं वक्ते स्वतःची समजूत घालतात, ती इथे कोसळते. नऊ अवतारांनंतर येणारा अली आणि नजफला दफन असलेला अली ऐकणाऱ्याच्या मनात हुबेहूब एक राहत नाहीत. श्रोत्याची भाषा उचलली की श्रोता आशयातही भागीदार होतो. मला यात खोट दिसत नाही. भागीदारी मान्य न करण्यात दिसते.

खोट दुसरीकडे आहे, आणि ती याच खटल्यात सापडते. सुधारकांना ‘आम्ही सुन्नी’ म्हणता आलं, कारण खोजांची लग्नं आणि मयतीचे विधी सुन्नी काझींकडून होत आले होते. वेगळा पंथ उघड केला तर जिवावर बेतेल अशा काळाची ती सवय. त्या भीतीला दोष देणं सोपं आहे, मी देणार नाही. पण जमातखान्यात एक आणि काझीसमोर दुसरं असं पिढ्यानपिढ्या चाललं, आणि अखेर आपण कोण हे ठरवायला एका इंग्रज न्यायाधीशाकडे जावं लागलं. म्हणून मला कसोटी ही वाटते: एका सभेत बोललेलं दुसऱ्या सभेच्या कानावर गेलं, तर वक्त्याची पंचाईत होते का?

परंपरा म्हणेल, अधिकारभेद विसरू नका. अज्ञ माणसाचा बुद्धिभेद करू नये, हे गीतेच्या तिसऱ्या अध्यायातच सांगितलं आहे. त्यात करुणा आहे हे खरं. पण अधिकार कुणाचा किती, हे बोलणाराच ठरवतो आणि सहसा कायमचं ठरवतो. श्रोत्याला झेपेल अशी उदाहरणं निवडणं वेगळं, आणि त्याला झेपणारच नाही म्हणून निष्कर्ष लपवणं वेगळं. हा फरक १९३६ च्या मे महिन्यात स्वच्छ दिसला. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी डॉ. आंबेडकरांनी इंग्रजीत लिहिलेलं भाषण सुशिक्षित सवर्ण सुधारकांसाठी होतं, म्हणून त्यात शास्त्रांची चिकित्सा आणि पाश्चात्त्य विचारवंतांचे आधार. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला, माझगावापासून काही मैलांवर, नायगावला महार परिषदेत ते मराठीत बोलले. तिथे शाळा, विहीर, पाणी भरायची तांब्याची भांडी, पायातले बूट-मोजे, पंगतीतली चपाती, म्हणजे ज्यावरून गावात मार खावा लागे ते सगळं आलं. तरी ओझं हलकं केलं नव्हतं. माणसाच्या वाढीला सहानुभूती, समता आणि स्वातंत्र्य लागतं हा विचार त्यांनी त्याच श्रोत्यांपुढे मांडला आणि शेवटी बुद्धाच्या अखेरच्या उपदेशापर्यंत त्यांना नेलं. हिंदू धर्म सोडण्याचा निर्णय नायगावला सांगितला, तसा लाहोरच्या मजकुरातही होता. मंडळाला खुपलं त्यात तोही होता. काही भाग गाळा, असं मंडळाने सुचवलं. एक स्वल्पविरामही बदलणार नाही, असं उत्तर गेलं. परिषद रद्द झाली, भाषण आंबेडकरांनी स्वखर्चाने छापलं, पंधराशे प्रती, किंमत आठ आणे. ३१ मेला ते नायगावला बोलायला उभे राहिले, तेव्हा ते पुस्तक बाहेर येऊन पंधरवडा झाला होता.