फळ्यावरचे वाक्य

चित्रकलेच्या मास्तराला शाळेत चित्रकलेखेरीज सगळी कामे असतात. स्नेहसंमेलनाचे पडदे रंगवायचे, पंधरा ऑगस्टला ध्वजस्तंभाभोवती चुन्याची नक्षी आखायची, निवृत्त होणाऱ्याचे मानपत्र लिहायचे, आणि रोज सकाळी प्रार्थनेच्या आधी दरवाजाजवळच्या फळ्यावर सुविचार लिहायचा. माझे शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक, आणि त्यावर चित्रकलेची पदविका. विचाराच्या प्रांतात माझा अधिकार तो काय! चार कादंबऱ्या लिहिल्या म्हणून माणूस विचारवंत होत नाही. झालाच तर कादंबरी बिघडते. पण माझे अक्षर बरे आहे, आणि वळणदार अक्षरातला विचार लोकांना निम्मा तरी आधीच पटलेला असतो. म्हणून हे काम वीस वर्षे माझ्याकडे राहिले. वर्षाचे दोनशे वीस दिवस धरले तरी चार हजारांवर सुविचार मी लिहिले, आणि तितकेच पुसले.

हे सुविचार येतात कोठून, असे कोणी विचारील. पूर्वी एस.टी. स्टँडवर स्वस्तातली पुस्तके मिळत, त्यांतून, कॅलेंडरच्या पानांवरून, हल्ली फोनवर न मागता रोज सकाळी पंधरा-वीस येऊन पडतात, उगवत्या सूर्याच्या चित्रासकट. आणि लोकांना ते आवडतात, हे मी डोळ्यांनी पाहिलेले आहे. दूध घालायला येणारा गडी सायकल टेकवून फळा वाचतो. मुलाची फी भरायला आलेली बाई वाचते आणि मान डोलावते. का डोलावते? मला वाटते, अशा वाक्यात नवे काही नसते हेच त्याचे बळ. हे आपल्याला ठाऊकच होते, फक्त कामाच्या धांदलीत म्हणायचे राहून गेले, असा काहीसा आनंद त्यात असतो. शिवाय ते लहान असते. आयुष्याचा गुंता केवढा, आणि हे एका ओळीत मावते! माणसाला तेवढ्यापुरते वाटते, की आपलाही गुंता असाच कोठेतरी एका ओळीत मावत असेल.

मीही कित्येक वर्षे याच समजुतीत होतो. ती समजूत मोडली २०१४ च्या मार्चमध्ये.

आमची शाळा नाशिक जिल्ह्यात, द्राक्षांच्या मुलखात. त्या वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात गारपीट झाली. द्राक्षबागाईतदाराचे वर्ष कसे असते, हे बाहेरच्या माणसाला सांगितल्याशिवाय कळायचे नाही. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात फळछाटणी. मग चार-साडेचार महिने फवारण्या, विरळणी, रात्री-अपरात्री आभाळाकडे पाहणे. आणि माल उतरण्याच्या तोंडावर गारा पडल्या. अर्ध्या तासात मणी फुटले, पाने फाटली, काही बागा मांडवासकट खाली बसल्या. चार दिवसांनी त्या रस्त्याने गेले तर सडक्या द्राक्षांचा आंबूस वास यायचा.

त्याच आठवड्यात एका सकाळी मी सवयीने वही उघडली आणि फळ्यावर लिहिले, 'श्रमाचे फळ गोड असते.' एवढ्यावर थांबलो नाही. मुलूख द्राक्षांचा, म्हणून खाली हिरव्या खडूने एक घडही काढला. घड सुरेख उतरला होता, हे मला आजही आठवते, आणि तेच सर्वांत लाजिरवाणे आहे.

मधल्या सुटीत फळा कोणीतरी पुसला. शिपायाने नववीतला एक मुलगा धरून आणला. त्याच्या बाहीला हिरवा खडू लागलेला होता. मी विचारले, "का पुसलंस?" तो बोलेना. मी रागावलो, चित्र पुसले गेल्याचा राग होता, पण मी तो शिस्तीच्या नावावर घातला. त्याला शिक्षकखोलीच्या बाहेर बसवून तेच वाक्य पन्नास वेळा लिहायला लावले. त्याने निमूटपणे लिहिले. कागद द्यायला आला तेव्हा मी पुन्हा विचारले. तेव्हा तो म्हणाला, "सर, आज दादा येणार होते, दाखल्यासाठी. त्यांनी वाचू नये म्हणून."

मी बाहेर पाहिले. कचेरीच्या बाकावर त्याचे वडील बसले होते, टोपी गुडघ्यावर ठेवून. समोर कोरा फळा होता.

मी त्या मुलाची क्षमा मागितली नाही. मास्तराच्या जातीला ते वेळेवर सुचत नाही. कागद मात्र ठेवून घेतला. शेवटच्या दहा-बारा ओळींत त्याचे अक्षर अगदी बारीक होत गेलेले आहे.

ते वाक्य खोटे होते काय? हा प्रश्न त्या दिवसापासून मला सुटलेला नाही. श्रमाचे फळ पुष्कळदा गोड असते. असते म्हणून तर माणसे श्रम करतात. त्या बाकावरच्या माणसानेच ते वाक्य ऑक्टोबरात, कात्री हातात घेताना स्वतःशी म्हटले असेल. मग तेच वाक्य मी म्हटले तर त्यात अपराध कोणता? उत्तर एवढेच सुचते, की त्याने ते स्वतःला सांगितले होते आणि मी ते त्याला सांगत होतो. आणि त्याने ते सांगितले तेव्हा त्याची बाग पणाला लागली होती. माझा खर्च झाला एक हिरवा खडू.

विनोदी वाक्यांचे मात्र असे होत नाही, हे मला मागाहून लक्षात आले. शाळेत लागण्यापूर्वी काही महिने मी एका पेंटरच्या हाताखाली ट्रक रंगवीत होतो. मागच्या फळीवर काय लिहायचे ते ड्रायव्हर सांगे. एकाने सांगितले, 'सावकाश जातो. हप्ते बाकी आहेत.' मी हसलो, पेंटर हसला, आणि ज्याचे हप्ते बाकी होते तो सर्वांत मोठ्याने हसला. मागच्या गाडीवाल्याला ते वाक्य उपदेश करीत नाही; लिहिणाऱ्याचीच फजिती सांगते, आणि वाचणाऱ्याला आपल्या शेजारी जागा करून देते. एस.टी.चे पाहा. पहिली एस.टी. १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला गेली, तेव्हापासून महाराष्ट्र तिची वाट पाहत उभा आहे. गाडी दोन तास येत नाही, पोरे रडतात, पाटी कोणी बदलत नाही, मग रांगेतला एखादा म्हातारा म्हणतो, "वाट पाहीन पण एस.टी.नेच जाईन!" सगळी रांग हसते. गाडी काही लवकर येत नाही, पण वाट पाहणे एकट्याचे राहत नाही. आता हेच वाक्य खिडकीमागच्या साहेबांनी म्हणून पाहावे! लोक खिडकी फोडतील.

म्हणजे शब्द तेच. कोण बोलतो आणि कोणाला, यावर सगळे. पण आपण नेमके तेवढेच विसरतो आणि वाक्याला वजन यावे म्हणून खाली मोठे नाव लिहितो. कोणीही केलेली कोटी आज पु. लं.च्या नावावर फिरते, कसलाही उपदेश विवेकानंदांच्या. मीही हे पुष्कळ केले आहे; नाव नसले तर फळा खाली रिकामा दिसतो. जगात जो बदल पाहायचा तो आधी आपण व्हावे, अशा अर्थाचे एक वाक्य मी गांधीजींच्या नावाने दर ऑक्टोबरात लिहीत असे. पुढे कळले, की त्या शब्दांत ते त्यांच्या लिखाणात कोठेच नाही. १९१३ साली दक्षिण आफ्रिकेत 'इंडियन ओपिनियन'मध्ये त्यांची आरोग्यावर लेखमाला येत होती. तीत सर्पदंशावर लिहिताना त्यांनी म्हटले, की आपण आपल्याला बदलू शकलो तर जगाची आपल्याशी वागण्याची तऱ्हाही बदलेल, इतरांची वाट पाहण्याचे कारण नाही. कोणीतरी त्याचा अर्क काढला. अर्क वाईट नाही. पण सापाला न मारण्याची जोखीम स्वतःवर घेणाऱ्या माणसाचे ते बोलणे होते. ते आता, स्वतः काडीमात्र न बदलता, दुसऱ्याला ऐकवण्याच्या कामी येते.

ही खोड आजची नव्हे, एवढाच त्यात दिलासा. भर्तृहरीची तीन शतके आपण मानतो, म्हणजे तीनशे श्लोक. दामोदर कोसंबी मूळचे गोव्याचे, पेशाने गणिती. त्यांनी भर्तृहरीची शेकडो हस्तलिखिते ताडून १९४८ साली त्यांची संशोधित आवृत्ती काढली. सर्वत्र सारखे आढळणारे श्लोक निघाले दोनशेच्या आसपास, आणि ठिकठिकाणचे मिळून एकूण आठशेंच्या वर! ही भर घालणारे कोण? नकला करणारे लेखक, पाठ करणारे विद्यार्थी, घरी पोथी बाळगणारे गृहस्थ. ज्याला जो श्लोक प्रिय, तो त्याने भर्तृहरीच्या झोळीत टाकला. मला या अनाम माणसांचा राग येत नाही. त्यांनी स्वतःचे नाव तरी लावले नाही. आणि ज्याचे नाव लावले, त्याचे वैराग्य कितपत खरे, हा प्रश्नही कोसंबींनी सोडला नाही. १९४१ साली फर्ग्युसन कॉलेजच्या नियतकालिकात त्यांनी त्यावर लेखच लिहिला. गणिती माणसाला असे प्रश्न पडतात. फळा लिहिणाऱ्याला पडायला गारा पडाव्या लागतात.

तसे पाहिले तर मला हे फार आधी कळायला हवे होते, कारण आमच्या घरातच त्याचा धडा होता. वडील मुंबईला गिरणीत. १८ जानेवारी १९८२ ला डॉक्टर दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि त्यांतले पुष्कळ पुन्हा कधी आत गेले नाहीत. वडील आम्हां सर्वांना घेऊन साताऱ्याकडे गावी परतले. मी तेव्हा लहान. आठवते ते एवढेच, की घरात फडताळ होते आणि त्याच्या दाराच्या आतल्या बाजूला आईने कोळशाने एक ओळ लिहिली होती. आई चौथी शिकलेली. ओळ अशी: 'पीठ संपले तरी जाते आहे.' वाचायला आल्यावर मी तिला विचारले, "हे कोणासाठी लिहिलंस?" ती म्हणाली, "माझ्यासाठी. तुला काय करायचंय? दार लाव." 'जाते आहे' याचे दोन अर्थ होतात, एक घरातले दगडी जाते आणि दुसरा दिवस ढकलणे, हे मला कळायला वीस वर्षे गेली. तिला लिहितानाच ठाऊक होते की काय, कोण जाणे.

ती ओळ दाराच्या आत होती, बाहेर नव्हती. आल्यागेल्याला दिसण्यासाठी नव्हतीच. एकदा आत्या घरी आली आणि ओसरीवर बसून म्हणाली, "वहिनी, धीर धरावा माणसानं. धीराचं फळ चांगलं." आई तिला मोठ्या आदराने म्हणाली, "वन्सं, धीर घरात आहे. पीठ असलं तर द्या." आत्या दुसऱ्या दिवशी पायलीभर ज्वारी घेऊन आली, हे सांगितले पाहिजे. ती वाईट नव्हती. आम्ही कोणीच वाईट नसतो. जवळ देण्यासारखे काही नसले, किंवा असूनही सुचले नाही, की तोंडात वाक्य येते.

मग दुःखात असलेल्या माणसाशी बोलूच नये काय? तसे मला म्हणता येत नाही. वडील गेले तेव्हा फोनवर तीस-चाळीस निरोप आले. समईची चित्रे, खाली काळाच्या औषधाविषयी काही. मी ते धड वाचलेही नाहीत. तेराव्यानंतर शाळेत गेलो तर आमचा शिपाई, ज्याचा तरुण मुलगा दोन वर्षांपूर्वी गेला होता, तो चहाचा पेला पुढे ठेवून म्हणाला, "दिवस जातात, सर." निरोपांतल्यापेक्षा वेगळे काय म्हणाला तो? काहीच नाही. पण तेवढ्यावर मी तो दिवस काढला.

असो. गारपिटीच्या त्या दिवसानंतर पंधरा दिवस मी फळा लिहिला नाही. मुख्याध्यापकांनी विचारले. मी सांगितले, आता मुले लिहितील, पाळीपाळीने. वाक्य आपले स्वतःविषयीचे असावे आणि खाली कोणाचे नाव नसावे. त्यांना हे फारसे पसंत नाही. तपासणीला साहेब येतात त्या दिवशी माझीच वही बाहेर निघते. एरवी मुले लिहितात. 'काल गणित सुटले. आज बघू.' 'आजीला चष्मा आला, आता ती माझे प्रगतिपुस्तक स्वतः वाचते.' 'पाऊस आला तर मैदान नाही, नाही आला तर शेत नाही.' शुद्धलेखन मी तपासतो, बाकी हात लावीत नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरात त्या मुलाची पाळी आली. तो तेव्हा दहावीत होता. त्याने लिहिले, 'आमची छाटणी झाली. पुढचे मार्चमध्ये लिहीन.' अक्षर पुन्हा मोठे झाले होते. मी शेजारी उभा होतो. क्षमा मागायची राहिली होती ती काही या वेळीही जमली नाही. मी हिरवा खडू पुढे केला आणि विचारले, "खाली घड काढू का रे?"

"नको, सर," तो म्हणाला. "अजून नको."