पडू नये म्हणून

मागच्या पावसाळ्यात आजी न्हाणीत घसरली. मोडलं काही नाही, मांडी काळीनिळी झाली, एवढंच. पण वाशिम जिल्ह्यातल्या आमच्या घरात त्या दिवशी एक नियम झाला: आजीने एकटीने उठायचं नाही. पाणी हवं? हाक मार. संडासला जायचंय? हाक मार. अंगणात? कशाला जायचं अंगणात?

नियम मीच केला होता. पुण्यातून, फोनवर.

दिवाळीला घरी गेलो. आजी पुन्हा पडली नव्हती, पण उठतही नव्हती. काठी टेकत तुळशीपर्यंत जाणारी बाई आता पलंगाच्या कडेला बसतानाही थरथरत होती. म्हणाली, "तुमीच त म्हटलं, उठू नको. आता पायबी आयकत नाही."

म्हातारपणी न वापरलेले स्नायू झपाट्याने झिजतात. स्नायूंबरोबर तोलही जातो. म्हणजे पडू नये म्हणून बसवून ठेवलेला माणूस उठेल त्या दिवशी पडण्याची शक्यता जास्त. मग माझ्या नियमाने सुरक्षित कोण झालं होतं? खरं सांगायचं तर मी. लांब राहण्याची टोचणी आणि रात्री फोन वाजण्याची भीती, दोन्ही कमी झाली होती. किंमत आजीने मोजली.

हे आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "तिचं खुब्याचं हाड मोडलं, तर उचलणार कोण? तू त पुण्यात." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. सोयाबीनची काढणी, स्वयंपाक, आणि वर आजीच्या हाका. आजीला चालायचं स्वातंत्र्य द्या असं मी म्हणतो, तेव्हा त्या स्वातंत्र्याची मजुरी आई भरते. म्हातारपणाच्या सन्मानाबद्दल बोलताना हे बहुतेकदा राहून जातं.

अशा वेळी मला आपल्या विदर्भातलेच बाबा आमटे आठवतात. मणक्याच्या आजारामुळे त्यांना बसता येत नसे; उभं राहायचं किंवा आडवं व्हायचं. तरी १९८५ साली, सत्तरीत, ते कन्याकुमारीहून काश्मीरकडे 'भारत जोडो' यात्रेला निघाले, बसमध्ये आडवे पडून. बस त्यांच्या शरीराप्रमाणे तयार झाली. त्यांचं जाणं रद्द झालं नाही. आजीला देश जोडायचा नव्हता, तुळशीपर्यंत जायचं होतं. पण प्रश्न तोच: माणूस बदलायचा की घर?

आम्ही घर बदललं. न्हाणीत भिंतीला दांडी बसवली, फरशीवर खडबडीत पट्ट्या चिकटवल्या, वाटेतलं पायपुसणं काढलं, रात्रीचा दिवा लावला. पलंगाखाली विटा घातल्या, पण पाय जमिनीला पुरते टेकतील एवढ्याच. पासष्टच्या पुढच्यांना अशा साधनांसाठी राज्याच्या वयोश्री योजनेत एकदा ३,००० रुपये मिळतात. आईने त्याचा अर्ज भरला.

मग आम्ही हात द्यायला शिकलो. आधी मी आजीला काखेत धरून ओढायचो. त्याने खांदा दुखावतो. आता ती कडेला बसते, मिनिटभर थांबते, कारण एकदम उठलं की रक्तदाब उतरून चक्कर येते. मग पाय मागे घेऊन, पुढे वाकून स्वतः उठते. काठी चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात, आपण अधू बाजूला. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना अधू पाय आधी. आणि हात लावण्याआधी एक प्रश्न: "कुठं धरू?" आईचं कामही कमी झालं, कारण निम्म्या हाका थांबल्या.

आजी अजूनही पडू शकते. हे आम्ही तिघांनी एकत्र बसून, आजीसमोर बोलून घेतलं. पडलीच, तर पहिले पंधरा दिवस मी घरी येऊन राहायचं, हेही ठरलं.

पूर्वी मी फोनवर विचारायचो, "पडली नाहीस ना?" आता विचारतो, "आज कुठवर गेली होतीस?"