औषध नाकारणारा घोडा आणि अहिंसेचा प्रश्न

घोड्याला तोंडावाटे औषध देताना पुष्कळदा बळ वापरावे लागते. वास न आवडलेली पूड तो तोबऱ्यातच ठेवतो आणि ओठांनी नेमके दाणे टिपतो. पिचकारी दिसली की मान उंचावून मागे सरतो. औषधाने पोटशूळ थांबेल किंवा जंत पडतील, हे त्याला समजावता येत नाही. अशा वेळी त्याच्या भल्यासाठी त्याच्यावरच केलेली जबरदस्ती हिंसा ठरते का?

भारतीय धर्मविचाराने या प्रश्नाच्या अगदी जवळ जाऊन उत्तर दिले आहे. उपकाराच्या हेतूने उपचार चालू असताना मृत्यू ओढवला तर पातक लागत नाही, असे याज्ञवल्क्यस्मृती सांगते. गाईला उपचारासाठी बांधले किंवा तिचा अडलेला गर्भ सोडवला, आणि यत्न करूनही ती दगावली, तर प्रायश्चित्त नाही, असेही स्मृतिवचन आहे. त्यातला 'यत्न' महत्त्वाचा, कारण सूट नुसत्या सद्हेतूला दिलेली नाही. जैन आचार्य उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या व्याख्येतच प्रमाद येतो: प्रमादापोटी झालेला प्राणघात म्हणजे हिंसा. म्हणजे नुसत्या बळापेक्षा ते वापरणाऱ्याची बेफिकिरी अधिक दोषास्पद आहे.

घोड्याच्या बाबतीत ही बेफिकिरी जिवावर बेतते. घोडा श्वास फक्त नाकाने घेतो आणि त्याला ओकता येत नाही. मान वर ताणून, बाटलीने किंवा बांबूच्या नळकांड्याने भराभर ओतलेले औषध श्वासनलिकेत उतरून फुप्फुसाला सूज आणू शकते. त्यातून घोडा मरतोही. सुरक्षित मार्ग वेगळा आहे. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये हिरडीची मोकळी जागा असते. तोंडात चारा उरलेला नाही हे पाहून, बाजूला उभे राहून, पिचकारीचे टोक ओठांच्या कोपऱ्यातून त्या जागेत घालायचे आणि औषधाचा लगदा जिभेच्या मागच्या भागावर सोडायचा. घोट गिळला जाईपर्यंत हनुवटीला हलका आधार पुरतो. आधी काही दिवस त्याच पिचकारीने काकवी चाटवली, तर पुष्कळ घोडे तोंड पुढे करतात. ही फसवणूक नव्हे. पिचकारीची भीती घालवण्याचा तो सरळ मार्ग आहे.

घोड्याच्या नकाराला अर्थ नाही, असे यावरून ठरत नाही. बरे होणे तो नाकारत नसतो; धाक, वेदना आणि अनोळखी चव यांना तो विरोध करतो. म्हणून त्या नकाराने उपचार रद्द होत नाही, पण उपचाराच्या पद्धतीवर बंधन येते. आधी सौम्य मार्ग वापरून पाहायचे, मग गरजेपुरतेच बळ लावायचे, हा क्रम बदलण्याचा अधिकार पाजणाऱ्याला नाही.

औषध कोणासाठी, हा प्रश्न याहून कठीण आहे. फिनिलब्युटाझोन हे घोड्यांच्या सांधेदुखीवरचे नेहमीचे औषध. 1968 च्या केंटकी डर्बीत पहिला आलेल्या 'डान्सर्स इमेज' या घोड्याच्या तपासणीत ते सापडले आणि त्याला अपात्र ठरवले गेले. विश्रांती घेणाऱ्या घोड्याला दिलेले वेदनाशामक हा उपकार होय. तेच औषध दुखऱ्या पायाने धावण्यासाठी दिले, तर घोड्याने ते आनंदाने चाटून घेतले तरी स्मृतीतली सूट ते देणाऱ्याला लागू होत नाही. ती हिंसाच आहे.